मोगलाई विरुद्ध वऱ्हाड, गोडाऊनमध्ये

बुलढाणा जिल्ह्यात टेनिस हा विषय एकाच माणसाच्या नावावर आहे, आणि सातबाऱ्यावर चढवता आला असता तर तो त्यांनी तलाठ्याच्या मागे लागून केव्हाच चढवून घेतला असता. हा माणूस म्हणजे माझे मामसासरे, माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहणार धाड. शेती चांगली, रस्त्याला लागून पत्र्याचं मोठं गोडाऊन, दारात ट्रॅक्टर, मुली आपापल्या घरी सुखात. म्हणजे माणसाने पारावर बसून निवांत राजकारण बोलावं अशी सगळी सोय. पण मामांना राजकारणात रस नाही. मामा बोलतात एका टेनिस स्पर्धेबद्दल. युरोपातल्या एका थंड शहरात, छताखाली, दर हिवाळ्यात ती भरायची. देशोदेशीचे खेळाडू यायचे. बंद पडून आता कैक वर्षं झाली. शहराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याचा मामांना पटेल असा उच्चार मला अजून एकदाही जमलेला नाही आणि मला अधूनमधून धाडला जेवायला जायचं असतं. खुद्द त्या शहरातल्या लोकांनाही आता ती स्पर्धा आठवत नसेल. पण धाडच्या आठवडी बाजारात मिरची विकणाऱ्या बाईला विचारा, पहिल्या वर्षी फायनलला काय झालं होतं. ती हातातला तराजू खाली न ठेवता सांगेल, की छतावरचा बर्फ वितळून कोर्टात पाणी गळलं आणि दोघं खेळाडू टॉवेल घेऊन फरशी पुसत बसले.

पहिलं वर्ष सगळ्यांना पाठ असण्याचं कारण म्हणजे मामा हा इतिहास कधीही मधून सुरू करत नाहीत. ऐकायचा तर पहिल्या वर्षापासून, नाहीतर चला घरी. तो हॉल आधी गुरांच्या प्रदर्शनाचा होता, मग तिथे लाकडी फरशी कशी पडली, दुसऱ्या वर्षी वीज गेली तेव्हा खेळाडू अंधारात पाव खात कसे बसले, तिसऱ्या वर्षी काय, चौथ्या वर्षी काय, हे सगळं क्रमाने. एखादा मध्येच म्हणाला, ‘मामा, ते शेवटचं सांगा ना, बंद काऊन पडली ते,’ तर मामा त्याच्याकडे असे पाहतात, की बिचाऱ्याला आपण कुणाच्या तरी तेरवीला जाऊन हसलो असं वाटतं. ऐकणारे साधारण चौथ्या वर्षापर्यंत टिकतात. मग कुणाला म्हैस आठवते, कुणाची एसटी येते, कुणी ‘आलोच’ म्हणून उठतो तो दुसऱ्या दिवशी दिसतो. त्यामुळे आमचा अख्खा पट्टा पहिल्या चार वर्षांत एकदम तयार आहे आणि पुढे सगळा अंधार. हिवरा आश्रमाला महाप्रसादाच्या पंगतीत मामांनी शेजारच्या एका अनोळखी गृहस्थाला धरलं होतं. पंगत एवढी मोठी, की वाढपी आमच्यापर्यंत परत येईतो मामा सहाव्या वर्षात पोचले. तो गृहस्थ वांग्याच्या भाजीवर हात आडवा धरून म्हणाला, ‘आता मात्र बस.’ वाढप्याला म्हणाला की मामांना, ते आजवर ठरलेलं नाही.

हे वेड लागलं कसं, तर रेडिओमुळे. तरुणपणी मामांनी हवामानाच्या बातम्यांसाठी एक भलामोठा रेडिओ घेतला. एका संध्याकाळी काटा फिरवताना इंग्रजीतली खरखर लागली. मध्येच टप, टप असा आवाज, मग शांतता, मग एकदम टाळ्या. आधी त्यांना वाटलं, रेडिओत उंदीर शिरला. पण टाळ्या वाजवणारा उंदीर असत नाही, म्हणून ते कान देऊन ऐकत बसले. इंग्रजी जेमतेम कळायचं. पण बाहेर बर्फ पडतोय आणि आत छताखाली खेळ बिनधास्त चाललाय, एवढं कळलं आणि मामा तिथेच खलास झाले. पुढे दर हिवाळ्यात ते रेडिओ लावून बसत; बुलढाण्याच्या रद्दीच्या दुकानातून खेळांची जुनी इंग्रजी मासिकं आणून डिक्शनरी घेऊन वाचत. मी एकदा विचारलं, ‘मामा, टेनिस तर उघड्यावरही खेळतात. तुम्हाला हे छताखालचंच का आवडतं?’ मामा म्हणाले, ‘जवाईबापू, सारी उमर आभायाकडं पाह्यलं. पानी येते का नाई, गारा पडते का काय होते. एक तरी खेळ असा पाहिजे ना, का जिथं आभायाचा काई संबंधच नाई! जिंकला तं तू जिंकला, हारला तं तू हारला.’ हे बोलताना ते भर मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये बसले होते आणि घामाने बंडी पिळायला झाली होती. पण चेहऱ्यावर असं सुख, की बर्फ जणू पलीकडच्या गल्लीतच पडत होता.

माझं लग्नसुद्धा या स्पर्धेच्या कृपेनं झालं. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मामा मुद्दाम धाडहून आले होते. पोहे यायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘पाव्हने, मैदानातलं टेनिस आन् छताखालचं टेनिस, फरक सांगा.’ मी जरा विचार करून म्हणालो, ‘छताखालच्याला टेबल टेनिस म्हणतात.’ मामांचा चेहरा असा पडला, की माझ्या वडिलांनी हळूच चपलांकडे पाहिलं. पण मामांनी मला वाऱ्यावर सोडलं नाही. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. पोहे आले, चहा आला, मुलगी आली, मुलगी आत गेली, वडिलांना डुलकी लागली, आणि मी मात्र मान हलवत बसून राहिलो. मला इतिहासात गोडी होती असं कुणी समजू नये. माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारासमोर होती आणि दाराआडून मुलगी माझी फजिती पाहून तोंडाला पदर लावून हसत होती. ते सोडून उठायची माझीच इच्छा नव्हती. बैठक संपल्यावर मामांनी निकाल दिला, ‘पोरगा बसते. बसनारा पोरगा आहे. संसाराले आनखी काय लागते?’ एवढ्या एका गुणावर मला मुलगी मिळाली, आणि बायको म्हणते, त्यानंतर दुसरा गुण काही सापडला नाही.

स्पर्धेनं त्यांच्या अंगात काही सवयी कायमच्या भिनल्या. टेनिसमध्ये सर्व्हिसच्या वेळी प्रेक्षक चिडीचूप असतात, म्हणून मामांना कुठल्याही महत्त्वाच्या क्षणी शांतता लागते. लग्नात नवरदेवानं हार उचलला की मामा हात वर करून ‘शूऽऽ’ करतात. आमच्याकडे लग्नात बँडवाला, भटजी आणि वरमाय हे तिघं एकाच वेळी बोलतात. तरी मामांच्या त्या ‘शूऽऽ’मध्ये काय आहे कोण जाणे, सगळे गपकन थांबतात. हार गळ्यात पडला की मामा बोटांच्या टोकांनी सभ्य टाळ्या वाजवतात आणि बसतात. शिवाय गावातला कुठलाही तंटा ते स्पर्धेतल्या दाखल्यावर सोडवतात. बाजारात लिंबाखालच्या सावलीच्या जागेवरून कांदेवाला आणि बांगड्यावाली यांची जुंपली, तेव्हा मामा दोघांच्या मध्ये जाऊन बसले. ‘तिसऱ्या वर्षी हेच झालं होतं,’ ते म्हणाले. शेगडीजवळच्या बाकड्यावरून दोन खेळाडू भांडले, तेव्हा पंचांनी म्हणे अर्धा खेळ एकानं बसायचं, अर्धा दुसऱ्यानं, असं ठरवलं होतं. तेव्हापासून धाडच्या बाजारात दुपारपर्यंत लिंबाखाली कांदे आणि दुपारनंतर बांगड्या. कुठल्या बर्फाळ गावातला निवाडा कुठे लागू झाला पाहा, आणि वर तो आजतागायत चालू आहे.

या सगळ्याला मामी कशा पुरून उरल्या, हे सांगायलाच हवं. मामी भोकरदनकडच्या. आता धाड सोडून थोडं पुढे गेलं की भोकरदन तालुका लागतो, जालना जिल्हा सुरू होतो. फार पूर्वी त्या बाजूला निजामाचं राज्य आणि या बाजूला इंग्रजांचा कारभार होता. निजाम गेला, इंग्रज गेला, दोन्ही बाजू एका राज्यात येऊनही पिढ्या झाल्या. पण आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या डोक्यातला तो नाका कुणी उठवला नाही. त्यांच्या लेखी पलीकडचं सगळं अजून ‘मोगलाई’. पोरगी मोगलाईत देली, बैल मोगलाईतून आणला, असंच बोलणार. त्यामुळे मामी लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून घरात परदेशीच. भाजीत तिखट जास्त झालं की मामा म्हणणार, ‘मोगलाईचा हात.’ पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणणार, ‘ह्या आमच्याकडल्या नाई, बाहेरच्या आहेत.’ मामी ते कानाआड करायच्या. मामांचा इतिहास सुरू झाला की सूप घेऊन तूर पाखडायला बसायच्या आणि योग्य ठिकाणी म्हणायच्या, ‘झालं का तुमचं? हात धुवा.’ त्या हे सगळं ऐकतात की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग रस्त्याची मोजणी झाली. रस्ता रुंद होणार होता आणि मामांचं गोडाऊन अख्खं त्यात जात होतं. ‘उन्हाळ्यात पाडू,’ असा निरोप आला. घरचे म्हणाले, जाऊ द्या, पत्र्याचं तर आहे. मामा मात्र कुणाला पहिल्या वर्षाची गोष्टसुद्धा सांगेनात. मला काळजी वाटली म्हणून मी भेटायला गेलो, तर ते रिकाम्या गोडाऊनच्या मधोमध उभे राहून वर पाहत होते. मला म्हणाले, ‘त्यायचा हॉल असाच गेला. दुकानं काढली तिथं. मंग स्पर्धा भरवाले जागाच नाई राह्यली.’ बंद काऊन पडली, याचं उत्तर मला असं अवचित मिळालं, तेही मधली सगळी वर्षं गाळून, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग मामा म्हणाले, ‘आता आपन भरवू. आपलं छत आहे तवर.’

मी आधी समजलो नाही. मामांनी समजावून सांगितलं. आमच्या भागात एखाद्या घराकडे गावच्या सप्त्याचा मान असतो. त्या घराला पुढे जमेनासं झालं तर दुसरं एखादं घर नारळ ठेवून म्हणतं, यंदापासून आमच्याकडे. मान पुढे चालतो. ‘त्यायच्यानं होत नाई, तं आपन करू. त्यात इचारायचं काय?’ मामा म्हणाले.

‘अहो मामा, ती आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. तिचा मान असा घेता येत नाही.’

‘काऊन नाई येत? सप्ता घेता येते तं टेनिस काऊन नाई घेता येत?’

मी दुसरा मुद्दा काढला, की आंतरराष्ट्रीय म्हटल्यावर परदेशी खेळाडू लागतो. तो धाडमध्ये कुठून आणणार? मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि भोकरदनच्या दिशेला बोट केलं. ‘मोगलाई,’ ते म्हणाले. हे ते थट्टेनं म्हणत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. आता त्यांना एकच हवं होतं: ती स्पर्धा एकदा, फक्त एकदा, आपल्या छताखाली, नियमाला धरून आणि खरीखुरी आंतरराष्ट्रीय व्हावी. आणि छत उन्हाळ्यापर्यंतच होतं.

झालं, जावई कामाला लागला. बुलढाण्याहून रॅकेट आणल्या. शाळेचं व्हॉलीबॉलचं जाळं खाली उतरवून बांधलं आणि त्याच्या खालच्या बाजूला बारदान शिवलं. मैदान आखायची पांढरी फक्की आणून मामांनी गुडघ्यांवर बसून स्वतः रेघा मारल्या. दोरी लावून, पुसून, पुन्हा मारून. चेंडूची मात्र अडचण नव्हती. आमच्या जिल्ह्यात टेनिसचा चेंडू गल्लोगल्ली सापडतो, टेनिसच तेवढं कुठे सापडत नाही. सगळे त्या चेंडूनं क्रिकेट खेळतात. वऱ्हाडचा खेळाडू निवडायला गावातल्या तरण्या पोरांना बोलावलं तेव्हा हेच नडलं. पहिल्यानं चेंडू पत्र्यावर हाणला आणि हात वर करून सिक्सर मागितला. दुसरा चेंडू मारून रन काढायला जाळ्याखालून पलीकडे पळाला. तिसऱ्यानं पायाला चेंडू लागला म्हणून जोरात अपील केलं. मामांनी सगळ्यांना बाद केलं. शेवटी नियम माहीत असलेला वऱ्हाडात एकच माणूस उरला, तो म्हणजे मामा. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण उत्साह असा, की अंगणात बादली उचलतानासुद्धा ते आधी गुडघे वाकवून पवित्रा घ्यायचे.

परदेशी खेळाडूही मिळाला. भोकरदनकडच्या एका शाळेतले पी.टी.चे सर, तरुण, उंच, लग्नाचे. टेनिस खेळलेले नव्हते, पण बॅडमिंटन खेळत. मामांनी त्यांना दोनदा बोलावून जेवू घातलं आणि इतिहास सांगितला. सर आठव्या वर्षापर्यंत टिकले, म्हणजे दमाचा माणूस.

स्पर्धेच्या दिवशी गोडाऊनमध्ये सगळं धाड लोटलं. पोत्यांच्या थप्प्यांवर बाया, खाली सतरंज्यांवर माणसं, दारात एसटी चुकलेले. कोणाला काय बघायला आलोय ते माहीत नव्हतं, पण मामींच्या हातचा चहा आणि पोहे होते. मला पंच नेमलं होतं, कारण जावई दोन्हीकडचा धरतात. लाइट दुरुस्त करायच्या घोड्यावर मला चढवून बसवलं. मामा पांढरा पायजमा, पांढरी बंडी आणि नवे पांढरे बूट घालून, कपाळाला पांढरा रुमाल बांधून उभे. मामींनी कपड्यांना इतकी नीळ दिली होती, की डोळे दिपावे. दुपार झाली, पी.टी. सरांचा पत्ता नाही. शेवटी त्यांचा फोन आला. मामांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला, तर आधी बँडचाच आवाज.

‘मामा, माफी करा,’ सर ओरडून सांगत होते, ‘माहं लग्न झालं.’

‘अबे, तू तं सकायी पोरगी पाहाले जाऊन राह्यला होता ना?’

‘हो ना. पसंत पडली. मग मोठी माणसं म्हणली, पसंती झालीच आहे तर साखरपुडा उरकून घेऊ. साखरपुड्यात म्हणली, पाव्हणे जमलेच आहेत तर लग्नच लावून टाकू. आता कसं येऊ?’

दुसरीकडे कुठे हे सांगितलं तर लोक थाप समजतील. आमच्याकडे गोडाऊनमध्ये एकालाही नवल वाटलं नाही. सकाळी पोरगी पाहायला गेलेला माणूस संध्याकाळी बायको घेऊन आल्याचं प्रत्येकानं पाहिलेलं. सतरंजीवरून एकानं फक्त विचारलं, ‘जेवाले काय केलं इचारा.’ मामांनी नवरदेवाला ‘सुखी राहा’ म्हटलं, फोन माझ्या हातात दिला आणि एका पोत्यावर जाऊन बसले.

‘मामा, काऊन बसले? दुसरं कोनी घ्या ना. मी येतो,’ एक जण म्हणाला.

‘तू कुठचा?’ मामांनी विचारलं.

‘इथलाच. तुम्हाले माहीत नाई का?’

‘मंग ते गावातल्या गावात झालं,’ मामा म्हणाले. ‘त्याले स्पर्धा म्हनता येत नाई. चहा प्या आन् जा घरी. नाई झाली आपल्याच्यानं.’

काय सांगू, मी आजवर त्या स्पर्धेवर इतका हसलो होतो, बायकोला नकला करून दाखवल्या होत्या. पण ते पांढरे बूट पोत्यावरून लोंबकळताना पाहिले आणि त्या नकलांची मला लाज वाटली. लोक उठायला लागले. तेवढ्यात चहाच्या पातेल्याजवळून मामी आल्या. ओले हात पदराला पुसत थेट कोर्टात.

‘उठा,’ त्या मामांना म्हणाल्या. ‘मी कुठली?’

‘म्हंजे?’

‘मी कुठली, ते सांगा ना सगळ्यायला.’

‘मोगलाईची,’ मामा सवयीनं म्हणाले.

‘मंग? लग्न झाल्यापासून ऐकून राह्यले. भाकर करपली का मोगलाई, भाजी खारट झाली का मोगलाई. माणसायसमोर बाहेरची म्हणून सांगता. आज काहून तोंड बंद झालं? आणा ती रॅकेट.’

मामा हळूहळू उठले. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे पंचाकडे पाहिलं. मी घोड्यावरून जाहीर केलं, की मोगलाईचा खेळाडू हजर आहे. पोत्यांवरच्या बायांनी जो कल्ला केला, तो मामांच्या ‘शूऽऽ’लाही आवरला नाही.

मामींनी पदर कमरेला खोचला, चपला जाळ्यापाशी काढल्या आणि अनवाणी उभ्या राहिल्या. मी गुण सांगायला लागलो. पंधरा. तीस. चाळीस. इथे सगळं गोडाऊन अडलं. ‘पंचेचाळीस पाहिजे ना? पाच कुठं गेले?’ एक म्हातारा उठून विचारायला लागला. ‘अडत कापली असंल,’ शेजारच्यानं त्याला खाली बसवलं. मामा अगदी मासिकातल्या फोटोसारखे खेळत. आधी पाय, मग खांदा, मग नजर. एवढं होईतो चेंडू निघून गेलेला असे. मामींना ना पवित्रा ना काही. समोर आला की तूर बडवतात तसा धोपटायचा, की झालं. पण खरी गंमत पुढे झाली. पहिला गेम संपला, तशा मामी कुणी न सांगता बाजू बदलायला पलीकडे चालू लागल्या. चेंडू जाळ्याला घासून पलीकडे पडला, तर स्वतःच म्हणाल्या, ‘सर्व्हिस होती, पुन्हा घ्या.’ मामा जागच्या जागी थांबले.

‘तुले हे कसं माहीत?’

‘सांगून सांगून कान किटवले माहे आन् आता इचारता व्हय? टाका चेंडू.’

मामांनी चेंडू टाकला, पण तो जाळ्यात गेला. पुढचाही गेला. त्यांना हसू येत होतं आणि त्यांच्यानं रॅकेट धरवत नव्हती. मग सावरले, चांगले झुंजले. शेवटी मामी पाच-चारनं पुढे आणि त्यांना एकच गुण हवा, अशी वेळ आली. मामींनी चेंडू असा फटकावला, की तो मामांच्या डोक्यावरून मागच्या रेघेपाशी पडला. सगळं गाव एका आवाजात ओरडलं, ‘बाहेर! बाहेर!’ गाव शेवटी वऱ्हाडचंच. मला घोड्यावरून काही दिसलं नव्हतं. मामींनाही दिसलं नव्हतं. मामा एकटेच रेघेशी गेले, गुडघ्यावर बसले आणि फक्कीकडे पाहत राहिले. बाहेर म्हणाले असते तर कुणी हू की चू केलं नसतं. त्यांच्याच रेघा, त्यांचंच गोडाऊन, त्यांचीच स्पर्धा, आणि अशी संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. मामांनी हात वर केला. ‘आत आहे,’ ते म्हणाले. ‘फक्की उडाली. सहा-चार. मोगलाई जिंकली.’

बक्षीस म्हणून त्यांनी स्टीलची मोठी कळशी ठेवली होती. ती मामींच्याच स्वयंपाकघरातून उचललेली निघाली, आणि मामींनी ती घेता घेता मामांना तिथेच चार शब्द सुनावले. मग मामांना बोलायचा आग्रह झाला. त्या स्पर्धेवर हा माणूस तेरवीत बोलला, एसटीत बोलला. त्या दिवशी मात्र नुसते हात जोडून उभे राहिले.

गोडाऊन गेलं, रस्ता झाला. चांगला झालाय, गाडी पाण्यासारखी जाते. गोडाऊनची जागा आली की मी उगाच गाडी हळू करतो. मामींचं अलीकडे जरा विस्मरण व्हायला लागलंय. सुरुवातीला नुसतं दुधाचं, किल्ल्यांचं, आता माणसांचंही. परवा आम्ही गेलो होतो तेव्हा धामणगाव बढ्याचे एक व्यापारी आले होते. मामांनी त्यांना खुर्ची दिली, आणि मी मनातल्या मनात पहिल्या वर्षाच्या तयारीला लागलो, तर मामा म्हणाले, ‘आमच्याकडं स्पर्धा झाली होती. चॅम्पियनच सांगतीन तुमाले.’

मामींनी सांगितलं. खुलून, हातवारे करून सांगितलं. सेट सहा-दोन झाला म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेव्हा सहा-शून्य झाला होता. मी मामांकडे पाहिलं. एका वर्षाची चूक कुणाला माफ न करणारा हा माणूस, मुकाट मान हलवत होता.

‘समोर कोण होतं?’ व्यापाऱ्यांनी विचारलं.

मामी विचारात पडल्या. समोर मामा बसले होते, त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे. मला वाटलं, आता काहीतरी बोलून विषय बदलावा.

‘होता एक बाहेरचा,’ मामी म्हणाल्या. ‘नाव नाई ध्यानात. पण लई खरा माणूस होता बरं. सगळं गाव बाहेर म्हणत होतं, आन् तो एकटा म्हणला, आत आहे.’

‘हाव,’ मामा म्हणाले, ‘होता तसा.’ आणि त्यांनी मामींचा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला.